कुवेतचे नागरी जीवन आणि संस्कृती: मराठी वाचकांसाठी एक परिचय

अरबी भाषेत ‘कूत’ म्हणजे पाण्याकाठचा किल्ला, आणि ‘कुवेत’ हे त्याच शब्दाचे लघुत्वदर्शक रूप. इराणच्या आखाताच्या वायव्य टोकाला वसलेले हे छोटेसे राज्य आज तेलसंपन्नतेसाठी ओळखले जाते. येथील लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास आहे. तिच्यात मूळ कुवेतींचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश असून परदेशी समाजांपैकी सर्वांत मोठा समाज भारतीयांचा आहे. नोकरीनिमित्त येथे येणाऱ्या मराठी अभियंता, डॉक्टर, लेखापाल किंवा परिचारिकेच्या मनात कुवेतची प्रतिमा बहुधा तीन गोष्टींची असते: ऊन, पगार आणि मॉल. या शहराला स्वतःचे संगीत, नाटक, चित्रपट, बैठका आणि वाचनसंस्कृती आहे. तिच्यातील बराचसा भाग मुंबईच्या सोबतीने घडला आहे. त्या संस्कृतीचा हा परिचय.

बंदर आणि मुंबई

तेलापूर्वीचे कुवेत समुद्रावर जगत होते. उन्हाळ्यात मोती काढण्यासाठी बुडी मारायची आणि हिवाळ्याच्या वाऱ्यांवर ‘बूम’ नावाची मोठी शिडाची गलबते घेऊन दूरदेशी व्यापार करायचा, असे वर्षाचे गणित होते. बसऱ्याचा खजूर घेऊन गलबते कराची, मुंबई आणि मलबारपर्यंत जात. परतताना तांदूळ, मसाले, कापड आणि मुख्यतः मलबारचा साग घेऊन येत. ज्या लाकडावर कुवेतचे नौकानयन उभे होते ते वाळवंटात उगवत नव्हते. ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून येई. मोत्यांची मोठी बाजारपेठही मुंबई हीच होती. त्यामुळे अनेक कुवेती व्यापारी घराण्यांच्या पेढ्या आणि बिऱ्हाडे मुंबईत होती. त्यांची मुले तेथे वाढत आणि हिंदुस्थानी बोलत.

कारभाराचे धागेही मुंबईकडून येत. १९१५ मध्ये कुवेतमध्ये टपाल कार्यालय उघडले ते भारतीय टपाल खात्याच्या अखत्यारीत. १९२३ पासून तेथे भारतीय तिकिटांवर ‘कुवेत’ असा शिक्का छापून ती वापरली गेली. चलन भारतीय रुपयाचे होते. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी वेगळा ‘गल्फ रुपया’ काढला. १९ जून १९६१ रोजी कुवेत स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षी दिनाराने रुपयाची जागा घेतली. एका दिनाराला तेरा रुपये आणि एक तृतीयांश असा तो दर होता. ‘द्वारका’ हे प्रवासी जहाज १९८२ पर्यंत मुंबईहून आखाती बंदरांच्या फेऱ्या करीत होते. कोकणातील अनेक घरांची ‘आखाती नोकरी’ अशाच जहाजाच्या डेकवर सुरू झाली.

या संबंधांची खूण बोलीत राहिली आहे. कुवेती बोलीत सरळ जायचे तर ‘सीदा’, पंख्याला ‘बंका’, तिजोरीला ‘तिजोरी’ आणि पैशांना ‘बेझात’ म्हणतात. बेझात म्हणजे आपला पैसाच. आखातात आंब्याला ‘हंबा’ म्हणतात आणि आंब्याच्या लोणच्याला ‘अंबा’. उलट दिशेचा प्रवास आपण विसरलेलो असतो. दुकान, हिशेब, वकील, तारीख, मालक, अत्तर हे मराठीत मुरलेले शब्द मुळात अरबी आहेत. त्यामुळे मुबारकिया बाजारात नवख्या मराठी माणसाला दर चार वाक्यांत एक ओळखीचा शब्द भेटतो.

तेलानंतरचे शहर

१९३० च्या दशकात जपानी संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने मोत्यांचा व्यवसाय मोडला. १९३८ मध्ये बुरगान येथे तेल सापडले आणि १९४६ मध्ये पहिली निर्यात झाली. त्यानंतर जुने शहर विलक्षण वेगाने बदलले. १९२० मध्ये बांधलेला मातीचा तट १९५७ मध्ये पाडण्यात आला. त्याच्या काही वेशी तेवढ्या जपल्या. तटाच्या रेषेवर नंतर हिरवा पट्टा आला आणि त्याच पट्ट्यावर आजचे ‘अल शहीद पार्क’ उभे आहे. त्याचा पहिला टप्पा २०१५ मध्ये खुला झाला. चालण्याच्या वाटा, बाग आणि १९९० च्या युद्धाची स्मृती जपणारे दालन असे त्याचे स्वरूप आहे.

शहराची ओळख असलेले कुवेत टॉवर्स १९७९ मध्ये लोकांसाठी खुले झाले. निळ्याहिरव्या चकत्यांनी मढवलेले हे गोल वस्तुतः पाण्याच्या टाक्या आहेत. मुख्य मनोऱ्याची उंची १८७ मीटर आहे. गोडे पाणी ज्या शहराला पूर्वी गलबतांनी शत्त-अल-अरबहून आणावे लागे, त्या शहराने पाण्याच्या टाकीलाच आपले मानचिन्ह केले. संसद भवनाचा आराखडा सिडनीच्या ऑपेरा हाउसचे वास्तुविशारद यॉर्न उट्झन यांचा आहे. त्याचे वळलेले काँक्रीटचे छत तंबूच्या कापडाची आठवण करून देते.

भारतीय वस्तीची ठिकाणे ठरलेली आहेत. सालमिया येथे कुटुंबे, शाळा आणि दुकाने आहेत. अब्बासिया म्हणजे दक्षिण भारतीयांची दाट वस्ती. फहाहील, मंगाफ, अबू हलीफा आणि महबूला हा दक्षिणेचा पट्टा तेलशुद्धीकरण प्रकल्पांजवळ असल्याने तेथे अभियंते आणि कामगार दोघेही राहतात. २००७ मध्ये सुरू झालेला ‘द अव्हेन्यूज’ हा मॉल वातानुकूलित रस्त्यांचे एक गावच आहे. मे ते सप्टेंबर या काळात शहराचा खरा चौक तोच. जुन्या कुवेतची चव मात्र मुबारक अल-कबीर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुबारकिया बाजारातच मिळते. २०२२ च्या मार्चअखेरीस त्याच्या एका भागाला मोठी आग लागली होती.

दिवाणिया

कुवेती समाज समजून घ्यायचा तर ‘दिवाणिया’ समजली पाहिजे. आपल्या दिवाणखान्याशी या शब्दाचे जवळचे नाते आहे. घराच्या दर्शनी भागातील, भिंतीलगत बैठका मांडलेली ही खोली, आणि त्या खोलीत नियमाने भरणारी पुरुषांची बैठक, या दोहोंना दिवाणिया म्हणतात. संध्याकाळनंतर लोक जमतात. चहा, कॉफी फिरते. व्यापार, फुटबॉल, लग्ने आणि राजकारण यांवर बोलणे होते. निवडणुकीच्या काळात उमेदवार एका दिवाणियातून दुसऱ्या दिवाणियात फिरतात. अलीकडे स्त्रियांच्या आणि मिश्र बैठकाही भरतात.

सहकाऱ्याने दिवाणियाला बोलावले तर तो सन्मान समजावा. आत गेल्यावर सर्वांना ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणावे, उजवीकडून सुरुवात करून हस्तांदोलन करावे. कॉफीचा लहान कप उजव्या हाताने घ्यावा. पुरे झाली की कप हलकेच हलवावा, नाहीतर वाढणारा ओततच राहील. फार लवकर कामाचा विषय काढणे अशिष्ट मानले जाते. ओळख वाढल्यावर कामे आपोआप होतात, हा येथील व्यवहाराचा नियम आहे. वेळापत्रकावर विश्वास ठेवणाऱ्या आपल्या मंडळींना तो उमगायला काही महिने लागतात.

संगीत: मुंबईत रुजलेला सूर

कुवेतच्या नागर संगीताचा प्रमुख प्रकार म्हणजे ‘सौत’. ऊद हे तंतुवाद्य, ‘मिरवास’ हा हातात मावणारा दुतोंडी ढोल, नंतरच्या काळात व्हायोलिन, आणि विशिष्ट लयीत पडणाऱ्या टाळ्या, असा त्याचा साज आहे. या प्रकाराच्या जडणघडणीचे श्रेय ज्यांना दिले जाते ते अब्दुल्ला अल-फरज १८३६ मध्ये कुवेतमध्ये जन्मले, परंतु त्यांची घडण मुंबईत झाली. व्यापारी घराण्यातील या कवी-संगीतकाराने तेथेच संगीताचे शिक्षण घेतले आणि पुढे मायदेशी परतून आपल्या रचनांनी सौतला रूप दिले.

दुसरी कथा सालेह आणि दाऊद अल-कुवेती या ज्यू बंधूंची. १९०८ आणि १९१० मध्ये कुवेतमध्ये जन्मलेल्या या भावांना पहिली वाद्ये मिळाली ती व्यापारासाठी भारतात गेलेल्या काकांकडून. काकांनी येताना एक व्हायोलिन आणि एक ऊद भेट आणले होते. हे दोघे पुढे बगदादला गेले आणि आधुनिक इराकी संगीताचे आघाडीचे शिल्पकार ठरले.

सौत बैठकीत बसून ऐकायचा. समुद्रगीतांचे मात्र कष्टाशी नाते आहे. मोत्यांच्या गलबतावर ‘नह्हाम’ हा गायक पगारी खलाशी म्हणून घेतला जाई. शिड चढवताना, वल्ही मारताना, नांगर ओढताना त्याच्या आवाजावर सर्वांचे हात चालत. लहान पितळी झांजा, ढोल आणि मातीचे माठ यांच्या ठेक्यावरची ही गाणी ऐकताना रायगड-रत्नागिरीच्या माणसाला कोळीवाडा आठवल्यावाचून राहत नाही.

आज संगीत ऐकण्यासाठी दोन ठिकाणे महत्त्वाची आहेत. २०१६ मध्ये खुले झालेले शेख जाबर अल-अहमद सांस्कृतिक केंद्र हे शहराचे ऑपेरा हाउस होय. दुसरे ‘दार अल-आसार अल-इस्लामिया’. तेथील व्याख्याने आणि मैफली परदेशी रहिवाशांनाही खुल्या असतात. याची माहिती बहुतेक भारतीयांना कुवेत सोडण्याच्या वर्षी होते, हे दुर्दैव.

चित्रपट आणि नाटक

कुवेतची राष्ट्रीय चित्रपट कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली. तिची चित्रगृहे आज ‘सिनेस्केप’ या नावाने चालतात. कुवेतचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट ‘बस या बहर’ १९७२ मध्ये आला. मोत्यांसाठी समुद्रात उतरणाऱ्या गरीब तरुणाची ही कहाणी असून दिग्दर्शक होते खालिद अल-सिद्दीक. त्यांचे शालेय शिक्षण भारतात झाले होते. तेलाच्या पैशाने शहर झळाळत असताना समुद्राने घेतलेले बळी आठवण्याचे धाडस या चित्रपटाने केले. ऑस्करसाठी कुवेतने पाठवलेला तो पहिला चित्रपट. अल-सिद्दीक यांनी पुढे सुदानी लेखक तय्यब सालेह यांच्या कथेवर ‘उर्स अल-झैन’ केला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

नाटकाचे वेड हे कुवेती आणि मराठी माणसातील अनपेक्षित साम्य. इजिप्तचे रंगकर्मी झकी तुलैमात यांच्या मार्गदर्शनाखाली १९६१ मध्ये येथे व्यावसायिक शिस्तीचे पथक उभे राहिले. त्या परंपरेतून आलेले अब्दुलहुसैन अब्दुलरिदा (१९३९–२०१७) हे आखाताचे सर्वांत लाडके विनोदी नट. १९७७ ची ‘दर्ब अल-झलक’ ही दूरचित्रवाणी मालिका आणि १९८१ चे ‘बाय बाय लंडन’ हे नाटक आजही घराघरांत पाठ आहे. अचानक पैसा हाती आलेल्या साध्या माणसांची फजिती हा त्यांचा विषय. वऱ्हाडी किंवा मालवणी विनोदावर वाढलेल्या प्रेक्षकाला त्याची नस लगेच सापडते. सालमिया येथील एका नाट्यगृहाला त्यांचे नाव दिले आहे.

भारतीय चित्रपट येथे नियमाने लागतात, मात्र परिनिरीक्षण कडक असते. १९९० च्या आक्रमणातील भारतीयांच्या सुटकेवर आधारलेला ‘एअरलिफ्ट’ (२०१६) कुवेतमध्येच प्रदर्शित होऊ शकला नाही. मराठी चित्रपटांना चित्रगृहात नियमित जागा नाही. रसिकांच्या गटाने पुढाकार घेतला, तिकिटांची हमी दिली, तरच एखादा खेळ जमतो.

संग्रहालये आणि वाचन

शेख नासर सबाह अल-अहमद आणि शेखा हुस्सा यांनी जमवलेला ‘अल-सबाह संग्रह’ भारतीयाने मुद्दाम पाहावा असा आहे. त्यातील मुघलकालीन रत्नजडित वस्तू जगातील उत्कृष्ट संग्रहांत गणल्या जातात. २००१ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांचे प्रदर्शन भरले होते. १९९० मध्ये राष्ट्रीय संग्रहालयातील वस्तू इराकी सैन्याने बगदादला नेल्या आणि इमारत जाळली. बहुसंख्य वस्तू नंतर परत मिळाल्या. जबरिया भागातील तारिक रजब संग्रहालय मात्र त्या काळात वाचले. ‘सादू हाउस’ येथे बदावी स्त्रियांची लोकरीची विणकला पाहता येते आणि शिकताही येते. ही कला २०२० पासून युनेस्कोच्या यादीत आहे. मुलांसाठी सालमियाचे सायंटिफिक सेंटर आणि २०१८ मध्ये खुले झालेले अब्दुल्ला अल-सालेम सांस्कृतिक केंद्र ही ठिकाणे एका दिवसात संपणारी नाहीत.

‘अल-अरबी’ हे मासिक १९५८ पासून कुवेतमधून निघते. मोरोक्कोपासून इराकपर्यंत दोन-तीन पिढ्यांनी ते अल्प किमतीत वाचले. दिवाळी अंकांच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला अशा मासिकाचे मोल सांगावे लागत नाही.

पोशाख आणि सुगंध

पुरुषांचा पोशाख म्हणजे पायघोळ ‘दिशदाशा’, डोक्यावर ‘गुत्रा’ आणि तो स्थिर ठेवणारी काळी ‘अगाल’. उन्हाळ्यात शुभ्र सुती कापड, हिवाळ्यात जाड कापडाचे करडे किंवा तपकिरी रंग. कॉलर, बटणे आणि शिलाई यांवरून देश ओळखणारे जाणकार असतात. हिवाळी गुत्र्यासाठी काश्मिरी शाल ही आजही प्रतिष्ठेची वस्तू आहे. स्त्रियांच्या पोशाखावर कायद्याने डोके झाकण्याची सक्ती नाही. अबाया घालणारी आणि पाश्चात्त्य पोशाख करणारी, दोघी एकाच घरात असू शकतात. रमजानमध्ये मात्र भरजरी ‘दर्रा’ घालण्याची हौस सार्वत्रिक असते. साडी नेसून बाहेर पडण्यात काही अडचण नाही. सरकारी कचेरीत आणि जुन्या बाजारात खांदे-गुडघे झाकलेले असावेत, एवढी काळजी सर्वांनीच घ्यावी.

सुगंधाच्या बाबतीत कुवेती माणूस दर्दी. पाहुण्याला निरोप देण्यापूर्वी ‘बखूर’चा धूप फिरवतात. ऊद म्हणजे अगरू. त्याच्या तेलात ‘हिंदी’ जातीचा मान मोठा आहे. आसामच्या जंगलातील लाकूड मुंबईच्या मोहमद अली रस्त्यावरील अत्तरवाल्यांमार्फत कुवेतच्या दिवाणियात पोहोचते.

खाद्यसंस्कृती

कुवेतचे मुख्य अन्न भात आणि मासे. राष्ट्रीय पदार्थ ‘मचबूस’ म्हणजे मांसाच्या किंवा माशाच्या रसात शिजवलेला मसालेदार भात. वेलची, दालचिनी, लवंग, मिरी ही सारी मंडळी भारतातून आलेली. त्यांत सुकवलेल्या लिंबाचा आंबटपणा मात्र आखाती. सोबत टोमॅटोची लसूण घातलेली ‘दगूस’ चटणी आणि ‘अचार’. ‘मुरब्यान’ म्हणजे कोळंबीभात. गोड शेवयांवर अंड्याचे ऑम्लेट ठेवलेला ‘बलालीत’ हा न्याहारीचा पदार्थ पहिल्यांदा चक्रावून टाकतो, दुसऱ्यांदा आवडतो.

येथील माशांचा राजा ‘झुबैदी’ म्हणजे आपले पापलेट. ‘सुबूर’ म्हणजे बंगाल्यांची हिल्सा. सूक शर्कच्या मासळी बाजारात सकाळी गेलेल्या कोकणी माणसाला घरी आल्यासारखे वाटते, दर विचारीपर्यंत. शाकाहाऱ्यांची गैरसोय होत नाही. सालमिया, अब्बासिया आणि फहाहीलच्या दुकानांत ज्वारीच्या पिठापासून आमसुलापर्यंत बहुतेक सारे मिळते. मद्यावर संपूर्ण बंदी असून ती गमतीने घेण्याजोगी नाही. डुकराचे मांसही निषिद्ध आहे. भारतातून येताना औषधे आणताना डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवावी. वेदनाशामक आणि मानसोपचाराच्या काही गोळ्यांबाबत नियम अतिशय कठोर आहेत.

आरोग्य आणि योग

कुवेतमधील मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेने मान्य केलेल्या पृथ्वीवरील सर्वोच्च तापमानांपैकी ते एक आहे. अशा उन्हाळ्यात कार्यालय, मोटार, मॉल आणि घर या चार वातानुकूलित खोल्यांत आयुष्य फिरते. सूर्य इतका प्रखर असूनही ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता येथे सर्रास आढळते, ती यामुळेच. मधुमेह आणि स्थूलता हे आखाती देशांचे मोठे आजार होत. त्यांच्या संशोधनासाठी २००६ मध्ये कुवेतमध्ये ‘दसमान मधुमेह संस्था’ स्थापन झाली. नवागताने पहिल्या वर्षी वजन, रक्तशर्करा आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांची नोंद ठेवावी. पहाटे किंवा रात्री चालण्याचा नेम ठेवावा. आखाती रस्त्याचा समुद्रकाठ आणि बहुतेक वस्त्यांतील चालण्याचे मार्ग त्यासाठी उत्तम आहेत.

योगाची कुवेतमधील वाटचाल सांगण्यासारखी आहे. शेखा अली अल-जाबर अल-सबाह यांनी ‘दारात्मा’ हा कुवेतमधील पहिला परवानाधारक योगवर्ग सुरू केला. ‘दार’ म्हणजे अरबीत घर. त्याला ‘आत्मा’ हा संस्कृत शब्द जोडून हे नाव तयार झाले. २०२५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरविले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कुवेती नागरिक. मात्र हा प्रवास सरळ नव्हता. २०२२ च्या फेब्रुवारीत वाळवंटात स्त्रियांसाठी ठरलेले योगशिबिर एका संसद सदस्याच्या आक्षेपानंतर थांबवण्यात आले. त्यावर कुवेती स्त्रियांनीच उघड निषेध केला. योग म्हणजे व्यायाम की उपासना, आणि स्त्रियांनी मोकळ्यावर काय करावे हे ठरवायचे कोणी, असे दोन प्रश्न त्या वादात गुंतले होते. मराठी योगशिक्षकांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा. परवाना, जागा आणि शब्दयोजना या तिन्हींची काळजी घेतली तर शिकणारे भरपूर आहेत, आणि त्यांत कुवेतीही आहेत.

बंद खोल्यांबाहेरचे आयुष्यही या शहराचाच भाग आहे. जून ते ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करून घेण्यास बंदी असते. ती किती पाळली जाते हे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. १२ जून २०२४ रोजी मंगाफ येथील कामगारांच्या इमारतीला पहाटे लागलेल्या आगीत पन्नासच्या आसपास माणसे मरण पावली. त्यांतील पंचेचाळीस जणांचे मृतदेह भारतीय वायुदलाच्या विमानाने मायदेशी आणावे लागले. सालमियातील तीन खोल्यांचे घर आणि मंगाफमधील दाटीचा निवास यांत मोटारीने अर्ध्या तासाचे अंतर आहे. कुवेतमधील भारतीयांचे राहणीमान असे एकवचनात बोलणे म्हणूनच फसवे ठरते.

वर्षचक्र

साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. भारतापेक्षा वेळ अडीच तास मागे. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत वाळवंटात तंबू ठोकण्याचा हंगाम असतो. थंडीत पाऊस झाला तर ‘फग्गा’ हे जमिनीखालील कवक बाजारात येते आणि सोन्याच्या भावाने विकले जाते. २५ फेब्रुवारी राष्ट्रीय दिन आणि २६ फेब्रुवारी मुक्ती दिन. या दोन दिवसांत शहर रोषणाईने आणि झेंड्यांनी भरते.

रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणे-पिणे-धूम्रपान हा दंडनीय गुन्हा आहे आणि तो सर्व धर्मीयांना लागू आहे. कामाचे तास कमी होतात, रात्री जागतात. इफ्तार आणि सहरीच्या मधल्या मेजवानीला ‘गबगा’ म्हणतात. महिन्याच्या मध्यावर ‘गिरगियान’ येतो. मुले नटूनथटून दारोदार गाणी म्हणत सुकामेवा आणि मिठाई गोळा करतात. भोंडल्याच्या खिरापतीची आठवण करून देणारा हा सोहळा शेजारी कुवेती कुटुंब असेल तर अवश्य पाहावा.

कुवेतमधील मराठी जीवन

मराठी माणूस येथे अनेक रूपांत भेटतो. तेल कंपन्यांतील अभियंते, रुग्णालयांतील डॉक्टर आणि परिचारिका, बँकांतील अधिकारी, तसेच रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुस्लिम. यांतील काही कुटुंबांचा कुवेतशी संबंध तीन पिढ्यांचा आहे. गोमंतकीयांचा समाज जुना आणि मोठा असून त्यांचे कोंकणी तियात्र येथे दीर्घकाळ होत आले आहेत. महाराष्ट्र मंडळ कुवेत गणेशोत्सव, दिवाळी, गुढीपाडवा आणि नाटक-संगीताचे कार्यक्रम करते. हिंदूंसाठी येथे अधिकृत सार्वजनिक मंदिर नाही. खाजगी जागेत पूजेला मुभा असते. त्यामुळे गणपती येतो तो शाडूचा आणि आटोपशीर, आरती होते ती बंद दाराआड, आणि विसर्जन बादलीत. रस्त्यावरची मिरवणूक नसलेला हा उत्सव पाहून आलेले वडीलधारे कधी कधी म्हणतात की आमच्या लहानपणी घरचा गणपती असाच होता.

खरी चिंता भाषेची आहे. येथे भारतीय शाळांची परंपरा १९५९ पासून आहे, आणि बहुतेक शाळा केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या आहेत. मूल शाळेत इंग्रजी, मित्रांत हिंदी आणि शाळेच्या नियमामुळे थोडी अरबी बोलते. मराठीला उरतो तो स्वयंपाकघराचा आणि आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलचा वेळ. घरी मराठी वाचून दाखवणे, बालनाट्याची तालीम, सुट्टीत गावी महिनाभर राहणे या उपायांना पर्याय नाही. अरबीचे दोन तास मात्र वाया गेले असे समजू नये. हिशेब आणि तारीख हे शब्द फलकावर अरबी लिपीत वाचणाऱ्या मुलाला आपल्या भाषेच्या घडणीचा एक धडा आयता मिळतो.

परतीचे शहर

कुवेतमध्ये कितीही वर्षे काढली तरी परदेशी माणूस तेथे नागरिक होत नाही. निवासाचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. येथे जन्मलेले मूलही परवान्यावरच राहते. कुटुंब आणण्यासाठी पगाराची अट असते. २०२४ मध्ये ती किमान ८०० दिनार ठरवण्यात आली. हे नियम वारंवार बदलतात, म्हणून प्रत्येक वेळी अधिकृत सूचना पाहाव्यात.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा शिरल्या तेव्हा हे तात्पुरतेपण एका रात्रीत उघडे पडले. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात एअर इंडियाने अम्मानहून मुख्यतः मुंबईला ४८८ उड्डाणे करून सुमारे १,७०,००० भारतीयांना परत आणले. बँकेतील शिल्लक, दुकान, मोटार मागे राहिली. हातात एक पिशवी घेऊन सहार विमानतळावर उतरलेली कुटुंबे आजही महाराष्ट्रात आहेत. त्यांतील अनेकजण १९९१ नंतर पुन्हा कुवेतला गेले. याचे कारण केवळ पगार नव्हते. ज्या शहरात उमेदीची वर्षे गेली तेथे ओळखी, सवयी आणि शेजार तयार झालेले असतात.

या अनुभवाची नोंद मात्र फारच थोडी आहे. आक्रमणाच्या दिवसांतील रोजनिशी, १९७० च्या दशकातील नोकरीचे करारपत्र, मंडळाच्या पहिल्या गणपतीचे छायाचित्र, जहाजाचे तिकीट या वस्तू ठाणे, पुणे, चिपळूण, मडगाव येथील कपाटांत पडून आहेत. कुटुंब परतले की मंडळाची दप्तरे पुढच्या कार्यकारिणीकडे जातात आणि चार बदलांनंतर हरवतात. ज्या पिढीने कुवेतला रुपयाच्या काळात किंवा त्यानंतर लगेच पाहिले ती आता ऐंशीच्या घरात आहे. त्यांच्याकडून ऐकून लिहून घेणे, जुन्या कागदांच्या प्रती काढून एखाद्या ग्रंथालयात ठेवणे, हे काम सुट्टीत घरी जाणारा कोणीही करू शकतो. बंदराच्या कुवेती बाजूच्या कागदपत्रांचा अभ्यास कुवेतमध्ये होत असतो. मुंबईकडील बाजू सांगण्यासाठी लागणारे साहित्य आपल्याच घरांतून निघायचे आहे.